धक्क्याच्या पहिल्या नकाशातच आगीचं पाणी दाखवा

प्रति,
कोकण किनाऱ्यावरच्या जेट्ट्या, धक्के आणि मासळी बंदरं आखणारे, तपासणारे आणि बांधणारे सर्व अभियंते,
तसेच मच्छीमार सहकारी सोसायट्यांचे चेअरमन आणि संचालक

विषय : जेट्टीवरील आग विझवण्याच्या पाइपलाइनची रचना

सप्रेम नमस्कार.

१९ नोव्हेंबर २०२३ च्या रात्री विशाखापट्टणमच्या मासळी बंदरात एका बोटीवर आग लागली आणि उजाडेपर्यंत चाळीसच्या आसपास बोटी जळाल्या. पेटलेल्या बोटीचे दोर सोडून तिला बाहेर ढकललं, पण वाऱ्याने आणि प्रवाहाने ती पुन्हा धक्क्याकडे आणली, असं तेव्हाच्या बातम्यांत होतं. बोटींवरचे गॅस सिलिंडर फुटत होते, डिझेलच्या टाक्या पेटत होत्या. ही दृश्यं आपल्याकडे प्रत्येक कोळीवाड्यात मोबाइलवर पाहिली गेली. चार दिवस चर्चा झाली आणि थांबली.

तेच आपल्याकडे झालं तर काय होईल, याचा हिशेब मांडण्यासाठी हे पत्र लिहितोय. माझं कामच आग विझवण्याच्या पाइपलाइन आखण्याचं आहे. कारखाने, गोदामं, इमारती यांच्यासाठी ते काम नीट होतं, कारण तिथे नियम आहेत, तपासणारे आहेत आणि विमा कंपनी विचारते. छोट्या जेट्टीवर विचारणारं कोणी नसतं.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या एकसष्ट दिवसांत बंदरातली प्रत्येक बोट धक्क्याला असते. एकीला लागून दुसरी, दुसरीला लागून तिसरी, अशा चार-चार, पाच-पाच ओळी. बंदीच्या आधीचे आणि नारळी पौर्णिमेच्या आधीचे दिवस डागडुजीचे. वेल्डिंग, ग्राइंडिंग, रंगकाम, इंजिन खोलणं, फायबरचं पॅचिंग, सगळं एकाच वेळी. शिमग्यालाही बोटी घरी येतात. म्हणजे बोटींची सर्वात दाट गर्दी आणि ठिणग्यांचं काम यांचा मोसम एकच. बोटीत काय असतं तेही तुम्हाला ठाऊक आहे. लाकूड किंवा फायबरचं अंग, नायलॉनच्या जाळ्यांचे ढीग, मासळीच्या खणाला आतून फोमचं अस्तर, डिझेल, बॅटऱ्या, शेगडी आणि सिलिंडर. पाणी लागल्यावर पटकन विझेल असं यात फार थोडं आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये अलिबागजवळ अक्षीच्या समोर समुद्रात एक बोट पेटली आणि जाळ्यांसकट जळून गेली. खलाशी वाचले. ती बोट समुद्रात एकटी होती. धक्क्यावर ती एकटी नसते.

आता नगरपरिषदेचा बंब येतो असं धरा. कोळीवाड्याच्या गल्लीतून वाट काढत तो जेट्टीच्या तोंडाशी पोचतो. पुढे जाळी पसरलेली, बर्फाचे टेंपो उभे, माशांच्या टोपल्या, लिलावाची जागा. ते सगळं हटवलं तरी जेट्टी बंबाचं वजन घेईल का, हे चालकाला माहीत नाही. शिवाय जिथून मागे वळता येणार नाही अशा चिंचोळ्या रस्त्यावर, पेटलेल्या बोटींच्या बाजूने, गाडी घालायला कोणताही शहाणा अधिकारी धजणार नाही आणि त्याने धजूही नये. मग बंब तोंडाशी उभा राहतो आणि आग तीनशे मीटर पुढे. पंधरा मीटरचा एक होज धरला तर वीस होज जोडायचे. अमेरिकेत छोट्या बोटींच्या बंदरांसाठी तिथल्या राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटनेचं (एनएफपीए) जे मानक आहे, एनएफपीए ३०३, ते सांगतं की बंबापासून होजची लांबी ४५ मीटरपेक्षा जास्त जाणार असेल तर धक्क्यावर कायमची पाइपलाइन हवी. पंचेचाळीस मीटर! आपल्या कितीतरी जेट्ट्यांचा पोचरस्ताच त्याहून लांब आहे.

त्यामुळे पाइपलाइन हवी की नको, हा वाद माझ्या मते संपलेला आहे. प्रश्न आहे ती कशी आणि कधी आखायची. माझं ठाम म्हणणं असं की ती जेट्टीच्या पहिल्या नकाशात, पाइल आणि बीमच्या बरोबरीने यायला हवी. सध्या ती शेवटी येते. स्लॅब ओतून झालेला असतो, बोलार्ड (बोटी बांधायचे खुंट) बसलेले असतात, फेंडर (बोटीचा धक्का झेलणारे रबर) लागलेले असतात, आणि अंदाजपत्रकाच्या शेवटच्या पानावर एक ओळ असते : अग्निशमन व्यवस्था, लंपसम. त्या एका ओळीत व्यास नाही, दाब नाही, पाणी कुठून येणार ते नाही. ठेकेदार बाजारात मिळेल तो जीआय, म्हणजे जस्ताचा लेप दिलेला लोखंडी पाइप आणतो आणि स्लॅबच्या खालच्या अंगाला क्लॅम्प मारून टांगतो.

यात दोन नुकसानं एकदम होतात. पाइपसाठी काँक्रिटमध्ये आधीच स्लीव्ह (मोकळी नळी) सोडलेली नसते म्हणून क्लॅम्पसाठी काँक्रिटमध्ये भोकं पाडली जातात. ज्या कव्हरने, म्हणजे सळईवरच्या काँक्रिटच्या थराने, आतली सळई खाऱ्या हवेपासून वाचायची, तेच कव्हर आपण दर दोन-तीन मीटरवर फोडतो. मीठ त्या भोकांतून आत शिरतं आणि काही पावसाळ्यांनी त्याच रांगेत स्लॅबचे पापुद्रे सुटतात. दुसरं नुकसान पाइपचं. भरतीच्या लाटा जिथे उडतात आणि ओहोटीला जे कोरडं पडतं, तो पट्टा लोखंडासाठी सर्वात वाईट. सतत पाण्यात बुडालेलं लोखंडही इतकं लवकर जात नाही. ओलं, कोरडं, पुन्हा ओलं, भरपूर हवा आणि मीठ. आपण पाइप नेमका तिथे टांगतो.

एका बंदरात, नाव घेण्यात अर्थ नाही, मी अशी लाइन जवळून पाहिली आहे. वरून हायड्रंट (होज जोडायचा नळ) लाल रंगात रंगवलेला, झाकण जागेवर. ओहोटीला होडीतून खाली गेलो तर पाइपपेक्षा त्याचे हँगर आधी गेले होते. बोटाने दाबलं की गंजाची जाड पापडी सुटून पाण्यात पडायची. एका ठिकाणी दोन हँगर तुटून पाइप झोळीसारखा लोंबत होता आणि त्या खोलगट भागात पाणी साचून राहिलेलं होतं. नंतर पंप जोडून व्हॉल्व्ह उघडला. आधी बराच वेळ नुसती हवा. मग विटकरी रंगाचं पाणी, दोन-तीन उचक्या, आणि धार एकदम बारीक झाली. ब्रँच पाइप (होजच्या टोकाची नळी) खोलला तर नोझलच्या तोंडात शिंपल्यांचे तुकडे आणि गंजाचे खडे घट्ट बसलेले. पूर्वी कधीतरी चाचणीसाठी समुद्राचं पाणी सोडलं होतं आणि तसंच ठेवलं होतं. त्या पाण्यात आलेल्या जिवांनी पाइपात संसार थाटला होता. कागदोपत्री ती लाइन उत्तम स्थितीत होती.

व्यासाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण सर्वात जास्त काटकसर इथेच होते. आग मोठी असेल तर दोन चांगल्या धारा चालवायला मिनिटाला साधारण १९०० लिटर पाणी धरायला हवं. तीनशे मीटर लांबीच्या १०० मिलिमीटर पाइपातून एवढं पाणी नेताना नव्या पाइपातही घर्षणात साडेपाच बारच्या आसपास दाब खर्च होतो. बंबाचा पंप देतो साधारण सात बार. टोकाला उरतो जेमतेम दीड. त्या दाबाने धार तिसऱ्या बोटीवर जाणार नाही, पहिलीच्या केबिनवर पडेल. पाइप आतून गंजला की घर्षण दुपटीच्या वर जातं, म्हणजे तेवढं पाणी टोकाला पोचवणंच अशक्य. तोच पाइप १५० मिलिमीटरचा घेतला तर नुकसान पाऊण बारच्या घरात येतं आणि गंजल्यावरही दीड बारच्या आसपास राहतं. व्यास दीडपट, नुकसान सातव्या हिश्शाला. पाइपच्या किमतीतला फरक जेट्टीच्या एकूण खर्चात शोधावा लागेल इतका लहान असतो.

पण १५० मिलिमीटरच्या कोरड्या लाइनची, म्हणजे एरवी रिकामी ठेवून आग लागल्यावरच पाणी भरायच्या लाइनची, एक दुसरी बाजू आहे आणि ती आखणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असलीच पाहिजे. तीनशे मीटरच्या त्या पाइपात सुमारे ५३०० लिटर पाणी मावतं. बंबाची टाकी साधारण साडेचार हजार लिटरची. म्हणजे बंबाने आपली अख्खी टाकी ओतली तरी पाइप भरलेला नसेल आणि नोझलमधून हवाच येत असेल. कोरडी लाइन बसवून पाण्याची सोय बंबावर सोडणं म्हणजे जवानांना रिकाम्या हाताने उभं करणं आहे.

कोरडी लाइन ही मुळात थंड देशांतली गरज. तिथे पाइपात पाणी ठेवलं तर ते गोठून पाइप फुटतो. आपल्याकडे दापोलीला कितीही गारठा पडला तरी पाइप गोठत नाही. मग आपण पाण्याने भरलेली लाइन का घेऊ नये? घ्यावी, पण भरताना गोडं पाणी भरावं. पाच हजार लिटरची एक टाकी आणि दाब टिकवून धरणारा छोटा जॉकी पंप एवढ्यावर लाइन कायम दाबात राहते. आग लागली की व्हॉल्व्ह उघडल्यापासून काही सेकंदांत धार, आणि मागून मोठा पंप समुद्राचं पाणी द्यायला लागतो. काम संपल्यावर सगळी लाइन पुन्हा गोड्या पाण्याने धुवायची. या लाइनचा आणखी एक फायदा म्हणजे गळती लगेच कळते. जॉकी पंप वारंवार सुरू होऊ लागला की कुठेतरी पाणी जातंय हे बंदरावरच्या वॉचमनलाही समजतं. कोरडी लाइन फुटलेली असली तरी आगीच्या दिवसापर्यंत गप्प असते.

पाणी कुठून घ्यायचं, यावर लोक हसून म्हणतात, समोर एवढा समुद्र आहे की. आहे, पण तो जागेवर थांबत नाही. उधाणाच्या दिवसांत मुंबईच्या किनाऱ्यावर भरती आणि ओहोटीच्या पातळीत चार मीटरांहून जास्त फरक पडतो. दक्षिणेला रत्नागिरी, वेंगुर्ल्याकडे तो कमी होत जातो, पण तिथल्या खाड्यांत गाळ आहे. पूर्ण सुकती लागली की कित्येक जेट्ट्यांच्या खाली नुसता चिखल दिसतो. धक्क्यावर ठेवलेला साधा पंप होज खाली सोडून पाणी ओढेल, ही कल्पना भरतीच्या वेळी पाहणी करणाऱ्याला सुचते. हवेच्या दाबावर पाणी किती उंच ओढता येतं याला निसर्गाची मर्यादा आहे. शास्त्राने दहा मीटर, प्रत्यक्षात सहा-सात धरा, आणि होजमध्ये कुठे हवा शिरली तर तेही नाही. म्हणून जिथे बारमाही खोली आहे तिथे उभा टर्बाइन पंप हवा. त्याचे पंखे सर्वात खालच्या ओहोटीच्याही खाली बुडालेले, आणि इंजिन सर्वात मोठ्या उधाणाच्या वर. इंजिन डिझेलचं असावं, कारण आग लागली की पहिल्यांदा वीज तोडली जाते. पंपाच्या पाणी ओढायच्या तोंडावरच्या जाळीवर कालवं धरतात, म्हणून ती वर काढून खरवडता येईल अशी बसवा.

खोली नसेल तर किनाऱ्यावर टाकी बांधावीच लागेल, आणि मग हिशेब प्रामाणिक करा. मिनिटाला १९०० लिटर म्हणजे तासाला एक लाख चौदा हजार. पन्नास हजार लिटरची टाकी सव्वीस मिनिटांत संपते. तेवढ्या वेळात दुसरं पाणी येणार असेल तर ती पुरेल. ते कुठून येईल, किती वेळात येईल, टँकर टाकीला कुठे जोडला जाईल, हे नकाशावर लिहिलेलं असू द्या.

पाइप कशाचा घ्यायचा, यावर प्रत्येक विक्रेत्याचं वेगळं उत्तर असतं. माझं मत सांगतो. जमिनीत गाडलेल्या भागात एचडीपीई, म्हणजे जाड प्लास्टिकचा पाइप उत्तम. गंजत नाही, वाकतो, वेल्डिंग झालेला सांधा गळत नाही. पण तो उघड्यावर, आगीच्या बाजूला नको, उष्णतेने मऊ पडतो. जेट्टीच्या डेकवर जाड इपॉक्सी लेप दिलेला, गरम बुडवून गॅल्व्हनाइज केलेला पोलादी पाइप घ्या, किंवा फायबर-इपॉक्सीचा. फायबरचा पाइप गंजाच्या बाबतीत निर्धास्त, मात्र तो पाण्याने भरलेला असेल तरच आगीत टिकतो. रिकामा असेल तर फार लवकर जातो. पंपाजवळच्या, सतत खाऱ्या पाण्यात राहणाऱ्या तुकड्यासाठी तांबं-निकेलचा पाइप महाग पडला तरी परवडतो, कारण लांबी थोडी असते. आणि एक बारीक गोष्ट जी हमखास सुटते. गनमेटलचा हायड्रंट व्हॉल्व्ह थेट पोलादी फ्लँजवर (पाइपच्या तोंडाच्या, बोल्ट लावायच्या चकतीवर) बसवला की खाऱ्या दमट हवेत दोन धातूंमध्ये विजेची जोडी तयार होते आणि पोलाद खाल्लं जातं. मध्ये विजेला अडवणारं गास्केट आणि बोल्टांना स्लीव्ह घातल्या की हा प्रश्न मिटतो. नटबोल्ट ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचे मागा. स्टेनलेस एवढंच लिहिलं तर ३०४ येतं आणि समुद्रावर त्याला बारीक भोकं पडतात.

आता जागा. स्लॅबच्या खाली टांगू नका हे वर लिहिलंच. कडेला बाहेरून लावला तर भरतीला बोट त्याच्यावर घासते. डेकवर उघडा ठेवला तर टेंपो चढतो. उरतो एकच चांगला मार्ग. स्लॅबमध्येच, कडेपासून थोडा आत, एक चर ठेवायचा, वरून उचलता येतील अशी काँक्रिटची झाकणं, तळाला उतार आणि पाणी निघायला भोक. त्यात पाइप दिसतो, हाताला लागतो, रंगवता येतो, बदलता येतो, आणि खालच्या आगीपासून त्याला स्लॅबचं संरक्षण मिळतं. हा चर स्लॅब ओतल्यानंतर करता येत नाही. सळई आखतानाच तो आखावा लागतो. पहिल्या नकाशाचा माझा हट्ट यासाठीच आहे.

अमेरिकेत लाकडी धक्क्यांच्या पोटात स्प्रिंकलर बसवण्याचा आग्रह असतो, कारण तिथे खालची लाकडी चौकटच पेटते. आपल्या जेट्ट्या काँक्रिटच्या आहेत. तो खर्च आपल्याला नको. ते पैसे चांगल्या हायड्रंटांवर घाला.

पाइप उन्हात वाढतो हेही धरायला हवं. तीनशे मीटर पोलाद तीस अंशांच्या फरकाने जवळपास अकरा सेंटिमीटर लांब होतं. प्लास्टिक उघड्यावर मोकळं असेल तर तेवढ्याच लांबीत दीड मीटरच्या घरात जाईल. त्याला खेळायला जागा दिली नाही तर तो हायड्रंटच मुळातून वाकवतो. जेट्टीच्या स्लॅबमध्ये जिथे सांधा सोडलेला आहे तिथे पाइपलाही लवचिक जोड हवा. तरंगत्या पाँटूनवर पाणी न्यायचं असेल तर पुलाच्या बाजूने रबरी होजचा असा झोल द्या की सर्वात खालच्या ओहोटीतही तो ताणला जाणार नाही.

माझ्या दृष्टीने सर्वात महत्त्वाचा मुद्दा मात्र टोकाचा आहे. जेट्टी एका बाजूने जमिनीला जोडलेली असते. पाणी जमिनीकडून टोकाकडे जातं. आग मध्यावर लागली आणि तिथे पाइप फुटला, तर पुढच्या भागात अडकलेल्या माणसांना पाणी नाही आणि फुटलेल्या जागेतून सगळा दाब वाया. म्हणून दर साठ-सत्तर मीटरवर लाइन तोडता येईल असा व्हॉल्व्ह हवा, आणि जेट्टीच्या समुद्राकडच्या टोकाला दुसरं प्रवेशतोंड हवं. तिथे फायर बोट, तटरक्षक दलाची नौका किंवा पंप असलेला एखादा टग येऊन तीच लाइन उलट्या बाजूने भरू शकेल. दोन्ही तोंडांवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, उंच जागी हवा सुटायला व्हॉल्व्ह, सखल जागी निचरा. कपलिंग आपल्या बंबाचंच, ६३ मिलिमीटरचं, झटकन लागणारं. जिथे मोठी जहाजं किंवा रो-रो (वाहनं नेणाऱ्या बोटी) लागतात तिथे जहाजांसाठी ठरलेला आंतरराष्ट्रीय शोअर कनेक्शनचा फ्लँजही पेटीत ठेवा. १७८ मिलिमीटर बाहेरचा व्यास, चार बोल्ट, जगभर एकच माप. एका दिवसाचं लेथकाम आहे, पण तो नसेल तर जहाजाचे पंप बंद पडल्यावर त्याच्या लाइनमध्ये किनाऱ्याचं पाणी घालता येत नाही.

हायड्रंट तीस ते पंचेचाळीस मीटरवर, दोन बोलार्डच्या मध्ये, आणि भोवती काँक्रिटचे ठोकळे. ठोकळे नसतील तर पहिल्याच घाईच्या दिवशी कोणीतरी त्याला बोटीचा दोर बांधेल. यात खलाशाचा दोष नाही, धक्क्यावर उभी असलेली प्रत्येक मजबूत वस्तू दोर बांधण्यासाठीच असते. होजची पेटी फायबरची घ्या, पत्र्याची दोन पावसाळे टिकत नाही. पितळी नोझल चोरीला जातात हे सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा ते सोसायटीच्या कार्यालयात न ठेवता, बंदरावर रात्री जो माणूस असतो त्याच्याकडे ठेवा. आग रात्री अकरा वाजता लागते तेव्हा कार्यालयाला कुलूप असतं.

डिझेलच्या आगीवर नुसतं पाणी मारलं तर पेटतं डिझेल पाण्यावर तरंगत शेजारच्या बोटीखाली जातं. दोन हायड्रंटांजवळ फोमचे कॅन आणि इंडक्टर (पाण्यात फोम मिसळणारं साधन) ठेवणं फार खर्चाचं नाही. फोम खाऱ्या पाण्यात चालणारा आणि फ्लोरिनविरहित मागा. ज्या पाण्यात आपण मासे उतरवतो त्यात ती टिकून राहणारी रसायनं जायला नकोत.

कोणी म्हणेल, एवढं सगळं तेलाच्या जेट्ट्यांवर असतं. बरोबर, असतं. तेल हाताळणाऱ्या बंदरांसाठी तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाचं ओआयएसडी १५६ हे मानक आहे, आणि त्यात पाण्याचा साठा, मॉनिटर (पाण्याची तोफ), पाण्याचा पडदा उभा करणारी नोझल सगळं लिहिलेलं आहे. मुंबईच्या जवाहर द्वीपावर ऑक्टोबर २०१७ मध्ये वीज पडून डिझेलची टाकी पेटली आणि काही दिवस जळत राहिली, तेव्हा शेजारच्या टाक्या थंड ठेवायला किती पाणी लागतं ते सर्वांनी पाहिलं. राष्ट्रीय इमारत संहितेचा चौथा भाग इमारती डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला आहे. या दोहोंच्या मध्ये मासळी उतरवण्याची आणि प्रवासी चढण्या-उतरण्याची जेट्टी पडते. जोपर्यंत आपलं वेगळं मानक येत नाही तोपर्यंत एनएफपीए ३०७ (सागरी टर्मिनल आणि धक्क्यांसाठीचं मानक) आणि ३०३ समोर ठेवून, आपल्या भरती-ओहोटीला आणि आपल्या बंबाला जुळेल असं एक नमुना रेखाचित्र आणि नमुना निविदा तयार करता येईल. हे काम चार अभियंते आणि अग्निशमन दलाचा एक अनुभवी अधिकारी बसले तर होण्यासारखं आहे. निविदेत लंपसम शब्द राहू देऊ नका. टोकाच्या हायड्रंटला किती लिटर आणि किती दाब, हे आकड्यात लिहा, आणि ते मोजून दाखवल्याशिवाय शेवटचं बिल काढू नका.

सोसायट्यांच्या मंडळींना वेगळं सांगायचं आहे. ही लाइन सरकार बांधेल, पण ती चालेल तुमच्यामुळे. बंब यायला लागणारा वेळ प्रत्येक गावात वेगळा, पण पहिली पंधरा-वीस मिनिटं बंदरात तुमचे तांडेल आणि खलाशीच असतात. व्हॉल्व्ह कुठल्या बाजूला फिरतो, कुठली किल्ली लागते, इंजिन हाताने कसं सुरू करायचं, हे प्रत्येक बोटीवरच्या निदान दोघांना येऊ द्या. बोटी बांधताना प्रत्येक चार-पाच ओळींनंतर एक मोकळी फट ठेवायचा नियम तुमचा तुम्हीच करू शकता, त्याला कुणाची मंजुरी लागत नाही. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार इमारतींना जानेवारी आणि जुलैमध्ये यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. जेट्टीच्या लाइनलाही तसंच वेळापत्रक लावून घ्या, फक्त जुलैच्या जागी मे धरा. बंदीसाठी बोटी आत येण्याआधी लाइन तपासलेली हवी.

आणि एप्रिलमध्ये एक पूर्ण चाचणी. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन जहाजावर आग लागली. एकाच जहाजात कापसाच्या गासड्या आणि स्फोटकं होती. जवानांनी त्या जहाजात नऊशे टनांहून जास्त पाणी ओतलं, पण धुरामुळे आगीचं मूळ सापडलं नाही आणि पाणी तिथवर पोचलं नाही. स्फोटात अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. देशभर अग्निशमन सप्ताह त्या तारखेपासून पाळतात. त्या दिवशी सकाळी पुष्पचक्र वाहिलं जातं, आणि ते वाहिलंच पाहिजे. त्याच दिवशी दुपारी, ओहोटीच्या सर्वात खालच्या वेळी, प्रत्येक जेट्टीच्या शेवटच्या हायड्रंटमधून प्रत्यक्ष पाणी सोडून दाब आणि प्रवाह मोजावा, आणि आकडे तिथल्याच फलकावर खडूने लिहावेत, अशी माझी मागणी आहे. वेळ ओहोटीचीच घ्या. भरतीला घेतलेली चाचणी मी चाचणी धरत नाही.

ज्या सोसायटीला येत्या एप्रिलमध्ये हे करायचं आहे तिने कळवावं. दाबमापक आणि प्रवाह मोजायचं नोझल मी घेऊन येईन, त्याचे पैसे घेणार नाही. आणि ज्या अभियंत्यांच्या टेबलावर आज नव्या जेट्टीचा नकाशा आहे, त्यांनी स्लॅबची सळई कायम करण्याआधी एकदा चराची जागा सोडून पाहावी. जमत नसेल तर नकाशा घेऊन बसू. मी तयार आहे.

आपला,
अग्निशमन पाइपिंगची रचना करणारा एक अभियंता
रत्नागिरी